उंद्रीच्या देव्हाऱ्यातला हेराक्लियस

चिखलीच्या बाजारात उद्धव पाठकांना 'रोमवाले काका' म्हणतात. त्यांना राग येतो तो चेष्टेचा नाही, चुकीचा येतो. कोणी तशी हाक मारली की ते सायकलवरून उतरतात, स्टँड लावतात आणि भर रस्त्यात समजावून सांगू लागतात. रोम पडलं ते पडलं, पण त्या साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग पुढे हजार वर्षं टिकला. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल. आज आपण त्याला बायझंटाईन म्हणतो, तिथले लोक मात्र शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवून घेत होते. ऐकणारा इतकं सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "मंग रोमच झालं ना, काका." उद्धवराव सायकलचं स्टँड काढतात आणि घरी जातात.

माणूस तसा साधा. उभा जन्म कॉलेजच्या वाचनालयात कारकुनी करण्यात गेला. तिथेच एकदा रद्दीत काढलेल्या पुस्तकांत त्यांना नाण्यांचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ सापडला. पाठ वाळवीनं खाल्लेली, पण आतली चित्रं शाबूत. पानापानावर राजे. कोणाचं नाव काय, गादीवर कसा आला, नाण्यावर कसा उभा राहिला आणि मेला कसा. त्यातलं मरणाचं प्रकरण जरा भारीच होतं. एकाचं नाक कापून त्याला हाकललं, तर तो परत येऊन पुन्हा गादीवर बसला. एका आईनं राज्यासाठी पोटच्या पोराचे डोळे काढवले. झोई आणि थिओडोरा या दोघी बहिणींचं आपसांत पटत नव्हतं, तरी एकाच नाण्यावर शेजारी शेजारी उभ्या. उद्धवराव हे सगळं रात्रीच्या जेवणाला बायकोला, शरयूताईंना, सांगायचे. शरयूताई पोळी लाटता लाटता विचारायच्या, तुमच्या त्या राज्यात धड अंथरुणावर मेलेला कोणी आहे का हो.

हळूहळू नाणीही आली. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनातून काही, दुसऱ्या हौशी लोकांशी अदलाबदल करून काही. सगळी तांब्याची. त्या काळी तांब्याची नाणी पोत्यानं पाडली होती आणि अजूनही जमिनीतून निघतात, त्यामुळे ती कारकुनाच्या ऐपतीत बसतात. सोन्याचं नाणं त्यांनी एकदाच पाहिलं, तेही काचेपलीकडून. काचेला नाक लावून उभे होते तर पहारेकऱ्यानं मागे सरकायला सांगितलं. घरी येऊन शरयूताईंना म्हणाले, एकदा, फक्त एकदा, तळहातावर घेऊन पाहायचंय. तेव्हापासून ही इच्छा त्यांनी कोणापासून लपवली नाही.

आता नाणी जमवणाऱ्यांचा एक नियम असतो, आणि तो ठाऊक असल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. जुनं नाणं घासायचं नाही. हजार वर्षं मातीत राहून तांब्यावर हिरवी-काळी साय धरते. जाणकाराला ती सायच हवी असते. ती गेली की नाणं गेलं. हा नियम उद्धवरावांनी साऱ्या जगाला सांगितला होता, घरात सांगायचा तेवढा राहिला होता.

आणि आला दसरा. शरयूताईंनी देव्हाऱ्यातलं सगळं अंगणात काढलं, ताम्हन, पळी, समई, घंटा. चिंचेचा कोळ, राख, नारळाची शेंडी घेऊन बसल्या. टेबलावर उद्धवरावांचं एक नाणं पडलेलं होतं. त्यावर तीन माणसं उभी होती. मधे हेराक्लियस नावाचा सम्राट, एका बाजूला त्याचा थोरला मुलगा, दुसऱ्या बाजूला उंच टोकांचा मुकुट घातलेली त्याची राणी, मार्टिना. शरयूताईंना वाटलं, कुठले का असेनात, देव दिसताहेत, आणि दसऱ्याला देव असा काळाकुट्ट ठेवू नये. त्यांनी ते मन लावून घासलं. नव्या तांब्यासारखं लख्ख केलं आणि झेंडूच्या फुलाशेजारी ठेवून दिलं.

उद्धवरावांनी ते झेंडूतून उचललं आणि उजेडाला धरून पाहिलं. रागावले असते तर बरं होतं. ते बोललेच नाहीत. दिवाळी आली, फराळ झाला, पाहुणे येऊन गेले, घरात कामापुरते शब्द. शरयूताईंनाही लागलं. घासलंच ना, जाळलं तर नाही, असं त्या एकदा म्हणाल्या आणि मग त्यांनीही विषय काढला नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण त्या गोष्टीचा निकाल कधी लागला नाही. घासलेलं नाणं कोणी अदलाबदलीतसुद्धा घेईना. मग उद्धवरावांनी ते एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बाकीची नाणी कपाटात कुलपात. हे एकच त्यांनी कोणाच्याही हातात द्यावं, कारण आणखी काय बिघडणार होतं?

बाजारात हिंमतराव विसपुते म्हणून सोनार आहेत, उद्धवरावांचे शाळेपासूनचे स्नेही. त्यांना सांगून ठेवलेलं, मोडीत जुनं नाणं आलं तर वितळवायच्या आधी मला बोलवा. हिंमतरावांनी शब्द पाळला. राणीछाप रुपये आले, निजामाचे आले, पुतळीमाळेतल्या पुतळ्या आल्या. उद्धवराव यायचे, भिंग लावायचे, माहिती सांगायचे, चहा पिऊन जायचे.

वैशाखाच्या तोंडावर, अखजीच्या म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आधी, दुपारी फोन आला. "पाठकसाहेब, या बरं. लवकर या, मूस तापून राह्यली." मूस म्हणजे सोनं वितळवायची वाटी. उद्धवराव भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून निघाले.

दुकानात उंद्री गावची माणसं बसली होती. गोजरबाई, पंच्याहत्तरीच्या आसपासच्या, आणि त्यांचे दोन मुलगे. थोरला निवृत्ती एका बाकावर, धाकटा राजकुमार समोरच्या बाकावर, आणि दोघांची नजर आपापल्या मोबाइलमध्ये. हिंमतरावांनी उद्धवरावांना हळू आवाजात सगळं सांगितलं. घरात वाटणी होऊन राहिली आहे. वावर वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, घराच्या मधून भिंत येणार. गोजरबाईंचं काय, तर सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ते पंचांनी ठरवलं तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत.

राहिले देव. घराचं कुळदैवत खंडोबा, आणि त्याचा टाक एकच. टाक म्हणजे देवाची मूर्ती उमटवलेला धातूचा लहान पत्रा, देव्हाऱ्यात पुजायचा. बहुतेकांकडे चांदीचा असतो, यांच्याकडे सोन्याचा, पणजोबाच्या आधीपासूनचा. दोन घरं झाली की दोन टाक लागतात. म्हणून जुना वितळवून त्याचेच दोन करायचे. रीत अशी की आधी पूजा मांडून देवाला त्या टाकातून नारळात यायला सांगायचं, मग टाक सोनाराकडे न्यायचा. त्यातलं सोनं दुसऱ्या सोन्यात मिसळू द्यायचं नाही आणि वितळताना घरच्या माणसानं डोळ्यांनी पाहायचं. गोजरबाई त्याचसाठी आल्या होत्या. विड्याच्या पानावर तो टाक ठेवून वर त्यांनी आपली बोटं ठेवली होती.

हिंमतरावांनी मागून घेतला आणि उद्धवरावांच्या हातात दिला.

उद्धवरावांनी भिंग लावलंच नाही. त्याची गरज नव्हती. रुपयाएवढं वाटोळं सोनं, वर डाख देऊन कडी जोडलेली, हळदीनं आणि भंडाऱ्यानं पिवळं. मधे लांब दाढीमिशांचा मोठा पुरुष, दोन्ही बाजूंना दोन लहान आकृत्या. घरच्यांना तो खंडोबा वाटला, शेजारी म्हाळसा आणि बाणाई. मागच्या बाजूला पायऱ्या आणि पायऱ्यांवर उभं काहीतरी. ते त्यांना जेजुरीच्या गडाची दीपमाळ वाटलं. आता तुम्हीच सांगा, खंडोबाच्या भक्तानं दुसरं काय समजावं? तीन माणसं काय, पायऱ्या काय, सगळं जिथल्या तिथे. पण उद्धवरावांना त्या पायऱ्यांवरचा क्रूस दिसला, तिघांच्या हातांतले गोल दिसले. तो हेराक्लियस होता. सोन्याचा, म्हातारपणचा, दोन मुलांना दोन्हीकडे घेऊन उभा. ज्याच्यासाठी काचेला नाक लावलं होतं, तो तळहातावर होता, आणि दोन हातांच्या अंतरावर गॅसच्या बत्तीखाली मूस लाल झाली होती.

तो उंद्रीपर्यंत कसा आला असेल, देव जाणे. समुद्रानं, व्यापाऱ्याच्या कमरेला, कोणाच्या लग्नात, कोणाच्या लुटीत. कदाचित इकडच्याच कोणा कारागिरानं अस्सल पाहून केलेली नक्कलही असेल, असंही उद्धवरावांच्या मनात आलं. पण मन मानत नव्हतं.

हिंमतरावांनी त्यांचा चेहरा ओळखला. त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि सांगितलं, एवढं असेल तर घेऊन टाका. म्हातारीला नीट दिसत नाही, पोरांचं लक्ष नाही. मी तेवढंच सोनं माझ्याकडचं मुशीत टाकतो, तुम्ही ते मला सवडीनं द्या. देव तर नारळात आहे, तो नव्या टाकात जाणारच. कोणाचं काय गेलं? हिंमतराव काही लबाड माणूस नव्हे. मित्राच्या प्रेमापोटी बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यात खोट काढणं सोपंही नव्हतं.

खोटं कशाला सांगू, उद्धवरावांची मान हलली. होकारानं हलली. चांगलं वय झालेला, कधी वाचनालयाची टाचणीसुद्धा घरी न आणलेला माणूस, आणि त्याची मान हलली. नाणं वाचत होतं. नाहीतर पाच मिनिटांत त्याचा गोळा होणार होता. ते वाचवणं चूक कसं, असं त्यांनी स्वतःला विचारलंसुद्धा.

ते बाहेर आले. गोजरबाईंनी विड्याचं पान तसंच मांडीवर धरून ठेवलं होतं, रिकामं, आणि त्यांनी हात पुढे केला. उद्धवरावांनी टाक परत त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो कपाळाला लावला आणि पुन्हा पानावर ठेवून वर बोटं ठेवली. त्या बोटांकडे पाहून उद्धवरावांना कळलं की हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. म्हातारीच्या डोळ्यांदेखत हातचलाखी करायची, आणि मग घरी जाऊन तो हेराक्लियस कपाटात कोंडायचा. हा कुठून आला, असं कोणी विचारलं तर सांगणार काय?

पण मग दुसरी वाट कोणती? गप्प बसावं तर तो वितळतो. सांगावं, तर ज्याला उभा जन्म हळद लावली तो तुमचा देव नाही, परमुलखातला कोण एक राजा आहे, असं या बाईच्या तोंडावर सांगायचं. आणि सांगितल्यावर पोरं उठतील, हे किती जुनं, बाजारात काय येईल, म्हणून तिथेच भांडण लागेल. हिंमतरावांनी चिमटा हातात घेतला. तेव्हा उद्धवराव बोलून गेले.

"मावशी, जरा थांबा. हा खंडोबा नाही."

निवृत्तीनं मोबाइल खाली ठेवला. राजकुमारनं मान वर केली. गोजरबाई मात्र टाकाकडेच पाहत होत्या. कोण हाय मंग, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना आवाज चढला नव्हता.

उद्धवरावांनी सांगितलं. एरवी त्यांना थांबवावं लागतं, त्या दिवशी शब्द गोळा करावे लागले. लांब पश्चिमेकडचा राजा, चौदाशे वर्षांपूर्वीचा. लढाया जिंकला आणि पुढे हरलाही. म्हातारपणी पाण्याला इतका भ्यायला लागला की खाडी ओलांडायची तर होड्यांचा पूल बांधून दोन्ही बाजूंना झाडाच्या फांद्या लावाव्या लागल्या, त्याला पाणी दिसू नये म्हणून. ही म्हाळसा नाही, हा त्याचा थोरला मुलगा. ही बाणाई नाही, हा धाकटा. थोरला पहिल्या राणीचा, धाकटा दुसरीचा, मार्टिनाचा. दोघांनी बरोबरीनं राज्य करावं अशी त्याची इच्छा होती, म्हणून दोघांनाही नाण्यावर आपल्या शेजारी घेतलं.

गोजरबाईंनी टाक डोळ्यांशी नेला. जवळून पाहिला, लांबून पाहिला. उद्धवरावांना वाटलं, आता बाई रडतील, नाहीतर मला शिव्या घालतील. दोन्ही झालं नाही.

"अन् माय कुठी हाय?"

उद्धवरावांना पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग कळला. ते म्हणाले, माय सोन्यावर नाही. आधीच्या तांब्याच्या नाण्यावर होती, नंतरच्या या सोन्यावर नाही. असं म्हणता म्हणता त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि ते घासलेलं नाणं बाहेर आलं. गोजरबाईंनी ते दुसऱ्या तळहातावर घेतलं. उंच मुकुटाच्या बाईवरून अंगठा फिरवला. त्या नाण्यावर मुलगा एकच होता, पण माय होती.

"ह्या राजानं मरतानी मायचं काई सांगून ठेवलं का नाही?"

"ठेवलं होतं, मावशी. दोघांनीही हिला आई मानावं, असं लिहून ठेवलं होतं."

"मंग मानलं का?"

उद्धवरावांना पुढचं पाठ होतं. थोरला चारदोन महिन्यांत आजारानं मेला. लोक म्हणाले, हिनंच विष घातलं. खरंखोटं कोणी पाहिलं नाही. वर्ष सरायच्या आत शिपायांनी तिची जीभ कापली, धाकट्याचं नाक कापलं आणि दोघांना एका बेटावर नेऊन टाकलं. हे सगळं त्यांनी चवीनं कितीदा सांगितलं होतं, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत. आज मात्र मानलं, असं म्हणावं असं त्यांना फार वाटलं. एक शब्द तर बोलायचा होता. पण सनावळीतली एक चूक खपवून न घेणाऱ्या माणसाला तो शब्द उच्चारता येईना.

"नाही," ते म्हणाले. "लई हाल झाले तिचे."

मग राजकुमार म्हणाला की माय, आपली तशी गोष्ट नाही. गोजरबाई म्हणाल्या, म्या कुठं म्हटलं तशी हाय म्हनून. निवृत्ती उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं, आणि पाठ फिरवून बराच वेळ पीत राहिला.

हिंमतरावांचा धीर सुटत चालला होता. मूस नुसतीच जळत होती. त्यांनी विचारलं की मग काय करायचं, टाकायचं का. गोजरबाईंनी टाक विड्याच्या पानात गुंडाळला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"देव असता त घातला असता मुशीत. देवाचं काय बाप्पा, थो नारळात येते, नव्या टाकात जाते. पर हा त बाप हाय, दोन पोरं घेऊन उभा. मानसाले कसं घालू?"

उद्धवराव ज्या गोष्टीला भीत होते तिनंच काम केलं होतं. देव नाही म्हणून नाणं वाचलं. हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पंचानं पुसला. डोळे भरून आले होते, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

दोन टाक चांदीचे करायचं ठरलं. मुलांनी किमतीचा विषय काढला नाही असं नाही. राजकुमारनं काढलाच, की पाठकसाहेब, असल्या चिजेला शहरात काय मिळत असन. गोजरबाईंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. निवृत्ती म्हणाला, राहू दे बे. दोघं भाऊ त्या दुपारी एकमेकांशी तेवढंच बोलले. जाता जाता बाईंनी मूठ उघडली. तांब्याचं नाणं अजून त्यांच्याजवळच होतं. ते मले देता का भाऊ, असं त्यांनी विचारलं, ह्या बापलेकायजवळ ठेवीन. उद्धवराव म्हणाले, घ्या. हिंमतराव नंतर चहा पिताना हसले, की सोनं घ्यायला आले आणि तांबं देऊन चालले. उद्धवरावांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि म्हणाले, हातावर तर घेतलं ना.

घरी शरयूताईंना त्यांनी सगळं सांगितलं, मान हललेली तीसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, दिलं ते कोणतं, मी घासलेलं? तेच, असं उद्धवराव म्हणाले. शरयूताई उठून कुकर लावायला गेल्या.

वाटणी काही थांबली नाही. ती थांबायलाच हवी होती असंही नाही, घराघरांतून होते. पण गोजरबाईंनी पंचांना पुन्हा बोलावून सांगितलं की वावर वाटा, इहीर वाटा, मले नका वाटू. मी माह्या खोलीतच राहीन, ज्याले माय लागते तो येईन. मग भिंतीची आखणी बदलली. देव्हाऱ्याची खोली मधे राहिली आणि तिला दोन दारं झाली. सुनांच्या कुरबुरी झाल्या, अजूनही होतात. हे सगळं हिंमतरावांकडून उद्धवरावांच्या कानावर येत होतं.

खंडोबाच्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी या, असा गोजरबाईंनी त्यांना निरोप धाडला. ते एसटीनं उंद्रीला गेले. शेतात हरभरा फुलावर आला होता, थंडी चांगली होती. बाई उन्हात पोतं अंथरून बसल्या होत्या, पुढे परातीत देव्हारा सगळा उतरवलेला, चिंचेचा कोळ, राख. नव्या चांदीच्या टाकांपैकी एक इकडच्या घरात, एक तिकडच्या. परातीत बाकीचे देव होते, आणि त्यांच्यात हेराक्लियस.

बाईंनी त्याला उचललं आणि राखेचं बोट लावलं. उद्धवराव पुढे सरकले. म्हणजे त्या घरातल्या बायका दर वर्षी हे करत आल्या आणि दर वर्षी त्या दाढीचा एकेक केस झिजत आला. मावशी, सोनं काळं पडत नाही, त्याला नुसतं पाणी पुरे, असं ते घाईघाईनं म्हणाले. बाईंना पटलं. पण घरातल्या साऱ्यांना आंघोळ घालायची आणि यालाच वगळायचं, हे बरं दिसत नाही म्हणून त्यांनी त्याला पाण्यानं धुऊन, पदरानं पुसून, उन्हात ठेवलं. मग तांब्याचं नाणं काढलं. सहा-सात महिन्यांत ते पुन्हा काळवंडलं होतं. आपल्या बोटांत आता जोर राहिला नाही म्हणत त्यांनी ते उद्धवरावांच्या हातावर ठेवलं आणि चिंचेची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

उद्धवराव वाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, मांडी घातली आणि घासायला लागले. मधला राजा निघाला, मुलगा निघाला. मुकुटाच्या टोकांमधली खाच राहत होती, तिथे त्यांनी नखानं राख लावली. मार्टिना उजळली तेव्हा बाईंनी ती घेतली आणि सोन्याच्या नाण्याला चिकटून ठेवली.

संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. शरयूताईंनी ताट वाढलं आणि वाढता वाढता थांबल्या. तुमच्या हाताला चिंचेचा वास कसला येतोय, असं त्यांनी विचारलं.

"नाणं घासून आलो."

शरयूताई पळी हातात धरून उभ्याच राहिल्या. "तुम्ही?"

"हो. तेच, मार्टिनाचं." उद्धवराव ताटाकडे पाहत होते. "शरयू, त्या दसऱ्याला मी चुकलो. तू देव समजून घासलं होतंस, आणि मी दिवाळीभर तुझ्याशी बोललो नाही."

शरयूताईंनी पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या, कढीची वाटी भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मग आपलंही ताट घेऊन शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, सांगा आता, पुढे काय झालं उंद्रीला.